म्हाताऱ्या सॅटेलाइटची सर्व्हिसिंग: आर्म सगळ्यात शेवटी

घरी बाबांची २००१ ची चेतक आहे, अजून चालते. दोन-तीन महिन्यांनी काहीतरी निघतंच, कधी क्लच केबल, कधी गॅस्केट, मग मी नाना पेठेत जातो, तिथं अजून सगळं मिळतं, आणि एखादा पार्ट नाहीच मिळाला तर तिथले काका दुसऱ्या कशाचातरी पार्ट कानशीनं घासून बसवून देतात आणि वर "आता दहा वर्षं बघायला नको" असं ऐकवतात. इंटेलसॅट ९०१ नावाचं सॅटेलाइट पण २००१ चंच. २०१९ संपताना ते रिटायर करायची वेळ आली तेव्हा ते काम करत होतं, इंधन तेवढं संपत आलं होतं. म्हणजे पेट्रोल संपलं म्हणून चेतक भंगारात. आणि वर ३६ हजार किलोमीटरवर नाना पेठ नाही.

आमचा रविवारचा एक ग्रुप आहे. इंजिनिअरिंगची पोरंपोरी आणि माझ्यासारखे दोन-तीन नोकरी करून हौस भागवणारे, भोसरीत एका मित्राच्या शेडमध्ये जमतो आणि कागदावर सर्व्हिसिंग मिशन डिझाइन करतो. दर वर्षी नवी बॅच येते आणि दर वर्षी पहिल्याच रविवारी फळ्यावर रोबोटिक आर्म काढला जातो, सात जॉइंटवाला, पुढं तीन बोटं, एकदम भारी. मी तो पुसतो. पोरांना वाईट वाटतं पण पुसतो, कारण आर्मचा विचार करायच्या आधी एवढ्या गोष्टी ठरवाव्या लागतात की त्या ठरवताना निम्म्या वेळा आर्म लागतच नाही असं कळतं. हे दर वर्षी तोंडी सांगून घसा बसतो म्हणून यावेळी लिहून काढलं. ज्याची सर्व्हिसिंग करायची त्या जुन्या सॅटेलाइटला आम्ही आजोबा म्हणतो आणि जो वर जाऊन ती करणार तो मेकॅनिक, इथंही तेच शब्द ठेवतो.

आधी बघा, आजोबांना झालंय काय

"जुनं झालंय" हे निदान नाही. इंधन संपलंय, बॅटरी थकलीय, दिशा ओळखणारा जायरो किंवा दिशा वळवणारं रिअॅक्शन व्हील गेलंय, रेडिओ मुका झालाय, का सगळंच बंद पडून ते कोलांट्या खातंय, यातलं प्रत्येक दुखणं वेगळं आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

इंधनाचं आधी बघू कारण जिओ म्हणजे भूस्थिर कक्षेतली बरीचशी सॅटेलाइट्स त्यापायीच रिटायर होतात. चंद्र आणि सूर्य मिळून तिथली कक्षा सतत वाकडी करत असतात, ती सरळ ठेवायला म्हणजे उत्तर-दक्षिण स्टेशन कीपिंगला वर्षाला साधारण ५० मीटर प्रति सेकंद एवढा धक्का खर्च होतो. बरं टाकीत किती उरलंय हे बघायला फ्लोट नाही, वर वजनच नसल्यामुळं इंधन टाकीच्या तळाशी बसत नाही. मग तीन पद्धती वापरतात. एक म्हणजे किराणा दुकानाच्या वहीसारखा हिशोब, पहिल्या दिवसापासून कुठला थ्रस्टर, म्हणजे धक्का देणारं बारकं इंजिन, किती सेकंद चालला याची बेरीज. दुसरी टाकीचं प्रेशर आणि तापमान मोजून उरलेलं काढायचं, पण टाकी जवळजवळ रिकामी झाली की प्रेशर फारसं हलतच नाही आणि नेमकं तेव्हाच आपल्याला उत्तर हवं असतं. तिसरी मला आवडते, टाकीला हीटरनं थोडं गरम करायचं आणि ती किती पटकन तापते ते बघायचं, कमी इंधन असेल तर लवकर तापते, रिकामं पातेलं गॅसवर ठेवल्यासारखं. चेतकला रिझर्व्हचा कॉक तरी आहे, इथं तो पण नाही, त्यामुळं ऑपरेटर म्हणाला "अजून सहा महिने आहे" तर लगेच विचारा की हे कुठल्या पद्धतीनं काढलंय आणि त्यात चूक किती असू शकते.

आणि मग एक प्रश्न, जो पोरांना अजिबात आवडत नाही: सर्व्हिसिंग करायचीच कशाला? इंधन कमी असेल तर उत्तर-दक्षिण स्टेशन कीपिंग बंद करता येतं. कक्षा मग हळूहळू तिरकी होत जाते, वर्षाला एक अंशापेक्षा थोडी कमी, खालच्या डिशना सॅटेलाइटच्या मागं मागं फिरावं लागतं, पण पूर्व-पश्चिम जागा धरून ठेवायला इंधन अगदी थोडं लागतं आणि काही वर्षं आरामात निघतात. किंवा सरळ रिटायर करा. आपल्या इन्सॅट-४बी चं बघा, २००७ ला वर गेलं, जानेवारी २०२२ मध्ये इस्रोनं उरलेल्या इंधनावर अकरा वेळा थ्रस्टर चालवून ते जिओच्या सुमारे ३४० किलोमीटर वर नेलं आणि मग बंद केलं, कुणी मेकॅनिक लागला नाही. पुण्यातल्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांचं 'स्वयम' आठवा, जून २०१६ मध्ये पीएसएलव्ही-सी३४ वरून गेलेलं एक किलोचं सॅटेलाइट, ज्यात दिशा धरायला नुसतं चुंबक होतं. अशा क्यूबसॅटसाठी, म्हणजे डबीएवढ्या सॅटेलाइटसाठी, मेकॅनिक पाठवणं म्हणजे सायकलचं पंक्चर काढायला क्रेन बोलावणं. पुणेकराला हे वेगळं सांगायला नको.

तर मग मेकॅनिक कधी? जेव्हा पेलोड, म्हणजे ज्या कामासाठी ते वर पाठवलं ती उपकरणं, चांगलं आहे, नवीन पाठवायला खूप जास्त खर्च आहे, आजोबा सरळ उभे राहू शकतात, आणि मालक हो म्हणतोय. किंवा एकदम उलट, जेव्हा ते इतकं मोठं आणि इतकं वाईट जागी मेलंय की तसंच ठेवणं सगळ्यांना धोका आहे. पृथ्वीचं निरीक्षण करणारं युरोपचं एन्व्हिसॅट घ्या. २००२ चं, ८ टनांचं, एप्रिल २०१२ ला संपर्क तुटला, आणि तेव्हापासून ७०० किलोमीटरच्या वरच्या उंचीवर तसंच फिरतंय.

विचारल्याशिवाय हात लावू नये

ही पाटी पुण्यात कुठंही शोभेल पण ती खरी अंतराळातच लावायला पाहिजे. गेल्या वर्षी एकानं प्लॅन आणला की जुने रशियन रॉकेटचे टप्पे गोळा करून विकायचे, मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात लोखंड घेतात तसं. नाही चालत. १९६७ च्या बाह्य अंतराळ करारात कलम ८ आहे, ज्या देशानं वस्तू नोंदवली तिच्यावर त्याच देशाचा अधिकार राहतो, ती बंद पडली, तुटली, विसरली गेली तरी राहतो. समुद्रात बुडालेल्या जहाजाचं जसं "ज्यानं काढलं त्याला मोबदला" असं काही आहे तसं अंतराळात नाही. एखादा पत्र्याचा तुकडा जरी असला तरी आधी मालक शोधा.

त्यात १९७२ चा दायित्व करार आहे. जमिनीवर किंवा उडत्या विमानाला तुमच्या वस्तूनं नुकसान केलं तर चूक कुणाची हे न बघता भरपाई, पण अंतराळातल्या अंतराळात ठोकलं तर चूक कुणाची ते सिद्ध करावं लागतं. आता विचार करा, दोन सॅटेलाइट एकमेकांना चिकटलेली आहेत आणि त्यातून एक तुकडा सुटून तिसऱ्याला लागला, चूक कुणाची? म्हणून करारात आधीच लिहून घ्यायचं, अमुक अंतरापर्यंत जबाबदारी मेकॅनिकची, चिकटल्यावर कंट्रोल कुणाकडं, सुटल्यावर कुणाकडं, आणि "थांबा" म्हणायचा अधिकार कुणाकुणाला. या शेवटच्यावर माझं मत ठाम आहे की तो दोघांनाही पाहिजे, आणि कारण न देता वापरता आला पाहिजे, कारण कारण शोधत बसलं की वेळ जातो.

भारतातून खाजगी कंपनी हे करणार असेल तर परवानगीसाठी इन-स्पेस ही सरकारी संस्था, हे २०२३ च्या स्पेस पॉलिसीपासून स्पष्ट आहे. मेकॅनिकच्या स्वतःच्या रेडिओ फ्रिक्वेन्सीचं कोऑर्डिनेशन वेगळं आणि ते वेळखाऊ, लाँचच्या तोंडावर आठवून उपयोग नाही. आणि शेजाऱ्यांना सांगायचं. जिओमध्ये कुणाच्या सॅटेलाइटजवळ अनोळखी सॅटेलाइट हळूहळू सरकत आलं की सगळ्यांचे कान टवकारतात, मग ते दुरुस्तीला आलंय का हेरगिरीला हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. आपण कधी निघणार, कुठून जाणार, कुठं थांबणार हे आधीच जाहीर केलं की निम्मे संशय तिथंच मिटतात. या सगळ्या तत्त्वांचं २०२२ साली एक आयएसओ मानक पण आलंय, २४३३० नंबरचं, ते ग्रुपमध्ये सगळ्यांनी वाचायचंच आहे, कंटाळवाणं आहे, तरी.

ड्रॉइंगवर विश्वास ठेवू नका

१९८४ ची गोष्ट. सोलर मॅक्स नावाचं सूर्याचा अभ्यास करणारं सॅटेलाइट बिघडलं होतं, ते पकडायला शटलमधून एक अंतराळवीर पाठीवर जेट बांधून गेला, छातीवर पकडायचं अवजार, ते सॅटेलाइटच्या खुंटीवर बसलं की खटकन लॉक. गेला, टेकवलं, लॉक होईना. परत टेकवलं, परत नाही. शेवटी त्यानं सोलर पॅनल हातानं धरून ते थांबवायचा प्रयत्न केला तर ते उलट जास्तच गरगरायला लागलं. नंतर कळलं की खुंटीच्या शेजारी थर्मल ब्लँकेट अडकवायचं एक बारकं ग्रोमेट होतं, अवजार त्याला अडत होतं, आणि ते ग्रोमेट ड्रॉइंगमध्ये नव्हतंच. पुढं खालच्या टीमनं सॅटेलाइटमधल्या मॅग्नेटिक कॉइल वापरून त्याचं गरगरणं कमी केलं, मग शटलच्या आर्मनं पकडलं आणि दुरुस्त झालं. एका ग्रोमेटनं अख्खं मिशन जवळजवळ घालवलं होतं.

तर ऑपरेटरकडं ड्रॉइंग मागू नका, म्हणजे मागा, पण त्याबरोबर लाँचच्या आधी क्लीनरूममध्ये काढलेले फोटो मागा, सगळ्या बाजूंचे, कारण शेवटच्या आठवड्यात कुणीतरी काहीतरी टेप लावलेलीच असते. पंधरा-वीस वर्षांत ब्लँकेट ठिसूळ होतं, रंग बदलतो, कॅमेऱ्याला ते वेगळंच दिसतं.

शिवाय प्रत्यक्ष जाऊन लांबून बघायचं, हात न लावता. हे काम वेगळं मिशन म्हणून करण्याइतकं मोठं आहे. अॅस्ट्रोस्केल या जपानी कंपनीचं अॅड्रास-जे फेब्रुवारी २०२४ ला गेलं ते फक्त बघायला, २००९ पासून वर पडून असलेला एचटूए रॉकेटचा टप्पा, ११ मीटर लांब, ३ टनांचा, त्यावर ना मार्कर ना रेडिओ. त्याच्याभोवती ५० मीटरवरून फेरी मारताना एकदा काहीतरी बिनसलं तर मेकॅनिकनं कुणाला न विचारता फेरी सोडली आणि आपापलं लांब गेलं. नंतर परत येऊन फेरी पूर्ण केली आणि वर्षअखेरीला १५ मीटरपर्यंत पोचलं. ती अर्धवट सोडलेली फेरी मला फोटोंपेक्षा भारी वाटते.

गरगरण्याचा वेग जमिनीवरूनही काढता येतो बरं का. मेलेलं सॅटेलाइट आकाशातून जाताना लुकलुकतं, दर काही सेकंदांनी चमक वाढते-कमी होते, तो काळ मोजला की अंदाज येतो. आकाशदर्शनाला वेल्ह्याकडं जाता तेव्हा तारे बघून झाले की हे पण करा, दुर्बीण आणि स्टॉपवॉच पुरतं. ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यात १९४४ पासून आहे, तिथल्या जुन्या लोकांना असल्या निरीक्षणांची चांगली नजर असते.

आणखी एक, आजोबा मेलेत का नुसते बहिरे झालेत हे तपासा. गॅलॅक्सी १५ नावाचं सॅटेलाइट एप्रिल २०१० मध्ये कमांड ऐकेनासं झालं पण त्याचा ट्रान्समीटर चालूच राहिला, आणि ते तसंच बोंबलत शेजारच्या सॅटेलाइट्सच्या जागेतून वाहत गेलं, प्रत्येकाला त्याच्यापासून सांभाळत बसावं लागलं. डिसेंबरमध्ये बॅटरी पूर्ण उतरली, त्यातून रीसेट झालं आणि ते परत शुद्धीवर आलं. समजा अशा वेळी मेकॅनिक जवळ असता आणि आजोबा अचानक जागे होऊन स्वतःचे थ्रस्टर चालवायला लागले असते तर? आजोबांचे थ्रस्टर आपण जवळ असताना चालणार नाहीत याची सोय नसेल तर जाऊच नका.

जवळ जायचं कसं: काहीच केलं नाही तरी वाचलं पाहिजे

हा भाग नीट वाचा, बाकीचं चाळलं तरी चालेल.

पहिल्यांदा रस्त्यावरची सवय विसरा. चांदणी चौकात पुढच्या गाडीला गाठायचं तर अॅक्सिलरेटर पिळता, वर तसं केलं तर मागं पडता. पुढं धक्का दिला की कक्षा उंचावते, उंच कक्षेत फेरीला जास्त वेळ लागतो, म्हणून आपण मागं. समोरच्याला गाठायचं तर उलटं ब्रेक मारायचा, खाली उतरायचं, खालून लवकर फिरून पुढं जायचं आणि मग परत वर यायचं. हे सगळं दोन सॅटेलाइटच्या सापेक्ष गतीचं गणित क्लोहेसी आणि विल्टशायर या दोघांनी १९६० साली सोपं करून ठेवलंय, वर्तुळाकार कक्षेसाठी तीन समीकरणं, स्प्रेडशीटमध्ये सुद्धा बसतात. नव्या बॅचचा पहिला गृहपाठ तोच, बसून प्लॉट काढा आणि दर वेळी पुढं धक्का दिल्यावर वळसा घेऊन मागं जाणारी रेघ बघून हसा.

आता नियम. प्रत्येक क्षणी स्वतःला विचारायचं की या क्षणी आपला कॉम्प्युटर बंद पडला, थ्रस्टर अडकला, जमिनीवरून संपर्क तुटला, तर पुढचे काही तास आपण नुसतं वाहत कुठं जाऊ? उत्तर "आजोबांपासून लांब" असंच आलं पाहिजे. "आजोबांवर" आलं तर तो रस्ता चुकीचा, मग तो कितीही कमी इंधनाचा असू दे. म्हणूनच लांबून येताना थेट नेम धरून येत नाहीत, थोडं वरखाली आणि थोडं आडवं असं स्प्रिंगच्या वेटोळ्यासारखं फिरत येतात, त्यात वरखालचं अंतर आणि आडवं अंतर दोन्ही एकदम शून्य कधीच होत नाही, त्यामुळं वेटोळं पुढं वाहत आजोबांच्या पलीकडं गेलं तरी ते आजोबांभोवतीनंच जातं, अंगावर नाही.

आणि थांबे ठरवायचे. स्पेडेक्स म्हणजे इस्रोचा डॉकिंगचा, दोन सॅटेलाइट वरच्या वर जोडायचा प्रयोग, त्याचे थांबे आपल्या पोरांना तोंडपाठ असतात: ५ किलोमीटर, दीड किलोमीटर, ५०० मीटर, २२५, १५, ३. प्रत्येक थांब्यावर थांबून सगळं तपासायचं आणि पुढं जायचा निर्णय नव्यानं घ्यायचा, "आत्तापर्यंत आलोच आहोत तर" हे कारण धरायचं नाही. ३० डिसेंबर २०२४ ला पीएसएलव्ही-सी६० वरून ती प्रत्येकी साधारण २२० किलोची दोन सॅटेलाइट्स गेली. डॉकिंगची आधी ठरलेली तारीख ७ जानेवारी, ती ९ केली, मग २२५ मीटरकडं येताना वाहणं अपेक्षेपेक्षा जास्त दिसलं म्हणून ९ पण रद्द. मग १२ तारखेला १५ मीटर आणि तिथून ३ मीटरपर्यंत गेले, आणि तिथून परत मागं आले! तीन मीटर म्हणजे हॉलमधला सोफा ते टीव्ही. तेव्हा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बरेच जण वैतागले होते, काय हे, एवढं जवळ जाऊन, वगैरे. १६ जानेवारीला नीट डॉकिंग झालं, १३ मार्चला अनडॉकिंग, एप्रिलमध्ये परत डॉकिंग. ते तीन मीटरवरून मागं येणं मी दर बॅचला शिकवतो.

उलटं उदाहरण पण सांगतो. नासाचं डार्ट, एप्रिल २००५, सगळं स्वयंचलित, जुन्या म्यूबलकॉम सॅटेलाइटजवळ जाऊन फिरून यायचं होतं. त्याची स्वतःच्या जागेची समजूत चुकली, ती सुधारायच्या नादात थ्रस्टर भसाभसा चालले, इंधन संपत आलं, आणि आपण किती जवळ आलोय हे न कळता ते आजोबांना जाऊन धडकलं. नशिबानं मोठं काही तुटलं नाही. तेव्हा इंधनाची एक मर्यादा अशी ठरवा की जी शिवली की मिशन संपलं, उरलेलं इंधन फक्त लांब जायला. आणि अंतर मोजायला एकच सेन्सर नको, कॅमेऱ्याचं आणि लेसरचं जमत नसेल तर कोण खरं याचा वाद घालत बसू नका, मागं या.

जवळ गेल्यावर थ्रस्टरच्या फवाऱ्याकडं लक्ष द्या. ब्रेक मारायला समोर थ्रस्टर मारला तर फवारा थेट आजोबांवर, त्यांचं पॅनल ढकललं जातं, काच आणि सोलर सेल खराब होतात. तोंडं तिरकी ठेवलेले थ्रस्टर वापरतात, त्यात इंधन जास्त जातं, जाऊ द्या. आणि सूर्य कॅमेऱ्याच्या डोळ्यात नको, ते वेळापत्रक आधी काढायचं, लिओमध्ये, म्हणजे पृथ्वीजवळच्या खालच्या कक्षेत, दीड तासाच्या फेरीत अंधार-उजेड दोन्ही येतं.

हात लावणं

इथं मी कॅरम बोर्ड काढतो. भरपूर पावडर टाका, एक सोंगटी मधे ठेवा, आणि दुसऱ्या सोंगटीनं तिला हळूच टेकून तिथंच चिकटून राहायचा प्रयत्न करा. नाही जमत, टेकलं की ती निघाली. १९९२ ला इंटेलसॅट ६०३ च्या बाबतीत हेच झालं, चार टनाचं धूड, अंतराळवीरानं पकडायचा बार लावायला गेलं की जराशा स्पर्शानं ते सरकायचं. शेवटी तीन अंतराळवीर एकदम बाहेर गेले आणि तिघांनी हातमोज्यांनी ते धरलं.

म्हणून पहिल्या स्पर्शातच पकड बसली पाहिजे आणि स्पर्श मऊ पाहिजे. स्पेडेक्समध्ये हा वेग सेकंदाला १० मिलिमीटरच्या आसपास ठेवलेला, मुंगीची चाल. सुरुवातीला सांगितलेल्या इंटेलसॅट ९०१ कडं जो मेकॅनिक गेला त्या मेव्ह-१ ची आयडिया मला सगळ्यात आवडते. इंटेलसॅट ९०१ वर पकडायला हँडल नव्हतं, कुणी बसवलंच नव्हतं, पण अशा बऱ्याच जिओ सॅटेलाइट्सच्या बुडाला एक मोठं इंजिन असतं, वर पोचायला एकदाच वापरलेलं, आणि भोवती रॉकेटवर बसवायची रिंग. मेकॅनिकनं त्या इंजिनच्या नळकांड्यातून एक लांब दांडा आत घातला, आत गेल्यावर तो फुलला आणि ओढून रिंगवर टेकवलं. २५ फेब्रुवारी २०२०. आणि हे कुठं केलं, तर आधी आजोबांना जिओच्या सुमारे ३०० किलोमीटर वर ओसाड कक्षेत आणलं, म्हणजे काही फुटलंच तर वस्तीत नको. पहिल्यांदा जमल्यावर मग मेव्ह-२ नं एप्रिल २०२१ मध्ये इंटेलसॅट १०-०२ ला कामावर असताना जागेवरच पकडलं. हा क्रम लक्षात ठेवा, नवीन काही करताना वस्तीबाहेर.

स्पर्शाच्या क्षणी दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, दोघांचे कंट्रोल एकदम चालू नकोत, नाहीतर एक डावीकडं वळवतो दुसरा उजवीकडं आणि जोडी थरथरायला लागते. पकड बसायच्या आधीच आजोबांचं नियंत्रण बंद करून घ्यायचं, आणि बसल्यावर एकत्र वजन आणि गुरुत्वमध्य नव्यानं भरून मग मेकॅनिकनं ताबा घ्यायचा. दोन, विजेचा चार्ज. जिओमध्ये सॅटेलाइटच्या अंगावर हजारो व्होल्ट साठू शकतात, दोघांचा चार्ज वेगळा असला की टेकताना ठिणगी, आणि मग इलेक्ट्रॉनिक्स गेलं. पहिला स्पर्श मोठ्या रेझिस्टरमधून होईल अशी सोय ठेवा. तापकीर गल्लीत पाच रुपयाला मिळतो तसा नाही, पण तत्त्व तेच.

आणि मग काम

सगळ्यात सोपं म्हणजे काही न उघडता नुसतं पाठीला लागून आपल्या थ्रस्टरनं त्यांना सांभाळायचं, मेव्हनं तेच केलं. माझा सल्ला पण हाच, जमत असेल तर काही उघडू नका.

इंधन भरणं शक्य आहे, २००७ मध्ये ऑर्बिटल एक्सप्रेस या प्रयोगातल्या दोन सॅटेलाइटच्या जोडीनं हायड्रॅझिन हे इंधन एकातून दुसऱ्यात घालून दाखवलं, पण ती जोडी त्यासाठीच बनवलेली होती. जुन्या सॅटेलाइटचा फिल व्हॉल्व्ह लाँचच्या आधी कायमचा बंद करतात, वर टोपी, टोपीवर तार, वर ब्लँकेट. ब्लँकेट कापा, तार कापा, टोपी फिरवा, मग गळती नाही ना बघा, आणि हायड्रॅझिन विषारी आणि भडकणारं. लँडसॅट-७ साठी नासानं हे करायचं ठरवलं होतं, ओसॅम-१ नावानं, ते २०२४ मध्ये रद्द झालं.

कापलेली प्रत्येक गोष्ट आपल्याकडंच राहिली पाहिजे. हबल दुर्बीण बघा, १९९३ ते २००९ पाच वेळा माणसं जाऊन आली, आणि हबल मुळातच दुरुस्तीसाठी बनवलेलं, कडेनं हँडल वगैरे. तरी २००९ ला त्यातलं एक उपकरण उघडायचं होतं जे वर कधी उघडायचं नव्हतंच, शंभरावर बारके स्क्रू. तर त्यांनी आधी त्यावर एक पारदर्शक प्लेट बसवली, प्रत्येक स्क्रूवर एक भोक, स्क्रू सुटला की प्लेटमागंच अडकणार. आता उलट, २००८ मध्ये स्पेस स्टेशनवर काम करताना एक अख्खी टूलबॅग निसटली आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत ती पृथ्वीभोवती फिरत होती. आमच्या शेडमध्ये म्हणून नियम आहे, मॉडेलवर काम करताना नट खाली पडला की त्या टीमचा चहा बंद. या नियमानं पोरांनी चिमट्याला लोहचुंबक लावायला स्वतःहून सुरुवात केली.

सोडून येताना

सोडणं पण पकडण्याइतकंच जोखमीचं, आणि त्यासाठी इंधन आधी बाजूला काढलेलं पाहिजे. मेव्ह-१ नं पाच वर्षं इंटेलसॅट ९०१ ला सांभाळलं, एप्रिल २०२५ मध्ये त्याला परत वरच्या ओसाड कक्षेत नेऊन सोडलं आणि स्वतः पुढच्या गिऱ्हाइकाकडं निघालं. जिओमध्ये कमीत कमी किती वर न्यायचं याचा हिशोब ठरलेला आहे, २३५ किलोमीटर आणि त्यात सूर्यप्रकाशाच्या दाबासाठी थोडी भर. लिओमध्ये जुना दंडक २५ वर्षांत खाली आणायचा होता, अमेरिकेच्या एफसीसीनं २०२२ मध्ये तो ५ वर्षांवर आणला, आणि इस्रोनं २०३० पर्यंत आपल्या मिशननी कचरा करायचाच नाही असं ठरवलंय. २०२३ च्या मार्चमध्ये मेघा-ट्रॉपिक्सला ठरवून पॅसिफिकवर जाळलं ते याच रांगेतलं, आणि ते सॅटेलाइट तर असं खाली आणण्यासाठी बनवलेलंही नव्हतं.

सोडायच्या आधी आजोबांना पूर्ण थंड करायचं, टाक्या रिकाम्या, बॅटरी उतरवून चार्जिंगची लाइन तोडलेली, ट्रान्समीटर बंद. बॅटरीकडं दुर्लक्ष करू नका. डीएमएसपी-एफ१३ नावाचं हवामानाचं सॅटेलाइट १९९५ चं, वीस वर्षांनी, फेब्रुवारी २०१५ ला, कुणी हातही न लावता फुटलं, कारण बॅटरी.

सुटल्यावर लगेच पळू नका, थोडं लांब थांबून सगळ्या बाजूंचे फोटो काढा आणि मालकाला द्या, त्यांच्याकडं क्लीनरूमनंतरचा पहिला फोटो हाच असणार आहे. कॅटलॉग ठेवणाऱ्यांना दोघांच्या नव्या कक्षा कळवा, नाहीतर एक ठिपका दोन झाला म्हणून कुणीतरी घाबरेल.

जी टीम यावर्षी स्वतःचं क्यूबसॅट करतेय त्यांच्यासाठी: बाहेरच्या पॅनलवर चार कोपऱ्यात चार रिफ्लेक्टर स्टिकर, एकसारखे नको, वेगवेगळ्या आकाराचे, म्हणजे उद्या कुणी जवळ आलं तर त्याच्या कॅमेऱ्याला कळेल कुठली बाजू वर आहे. वजन काही ग्रॅम. आणि शेवटचा स्क्रू बसवल्यावर सहा बाजूंनी फोटो काढा, टेप लावली असेल तर टेपसकट. कॅरमची पावडर संपलीय, पुढच्या रविवारी येताना कुणीतरी आणा.